मागून येणारा, पुढे चालणारी

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या भिशीतल्या बायकांनी ‘रेट्रो थीम’ ठेवली होती. म्हणजे तिळगूळ, वाण, उखाणे सगळं नेहमीचंच, फक्त यायचं जुन्या काळच्या हिरॉईनसारखं नटून. आमच्या पेठ वडगावातही आता हे सगळं येऊन पोचलंय बरं का! कुणी ठिपक्याठिपक्यांचा ब्लाऊज शोधून काढला होता, कुणी केसांचा हा एवढा फुगा केला होता. एकजण लिंबू कलरची साडी नेसून आली. ती ‘अशी ही बनवाबनवी’तली अश्विनी भावे झालीय, हे कुणाला सांगावंच लागलं नाही. मी आईची नायलॉनची साडी ट्रंकेतून काढली होती. तिला डांबरगोळ्यांचा असा काही वास येत होता की शेजारीण मला म्हणाली, “वैनी, तुम्ही खऱ्या रेट्रो!”

वाण लुटून झालं, डिशा फिरल्या, आणि मग कुणाच्या तरी सुनेनं टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. सिनेमा ‘टाइमपास’. सगळ्याजणींनी किमान पाच वेळा पाहिलेला. तरी पुन्हा त्याच जागी हशा, त्याच जागी डोळ्यांत पाणी. एकजण उसासा टाकून म्हणाली, “काय ते दिवस होते गं! चोरून बघायचं, चिठ्ठ्या द्यायच्या. आताच्या पोरांना काय कळणार असलं प्रेम?” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा डोलावली.

माझ्या शेजारी माझी शाळेतली बाकावरची मैत्रीण बसली होती. तीही हसत होती. पण “चिठ्ठ्या द्यायच्या” हे ऐकल्यावर तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. फार नाही, एकदाच. त्या एका नजरेमुळं मी आज हे लिहायला बसले आहे.

आधी सिनेमाबद्दल बोलते. रवी जाधव यांचा ‘टाइमपास’ २०१४ च्या जानेवारीत आला. गोष्ट मात्र नव्वदच्या दशकातली. दहावी नापास झालेला, रिक्षावाल्याचा पोरगा दगडू पेपर टाकायचं काम करतो. त्याला कडक शिस्तीच्या लेल्यांच्या घरातली गोड गळ्याची प्राजक्ता दिसते. सुरुवात नावाप्रमाणं टाइमपास म्हणून होते आणि मग ते प्रकरण खरंखुरं होऊन बसतं. प्रथमेश परबचा दगडू, केतकी माटेगावकरची प्राजक्ता, आणि पोरांनी ज्याचं नाव ‘शाकाल’ ठेवलंय तो बाप वैभव मांगलेंनी केलेला. सिनेमा तुफान चालला आणि चालायलाच हवा होता, कारण तो हसवतो, रडवतो, आणि त्यातला दगडू कुणालाही आपल्या आळीतला वाटतो. मला तो आवडतो हे आधीच सांगून टाकते. नाहीतर म्हणाल, बाई आली सिनेमाला नावं ठेवायला.

पण त्या दिवशी मैत्रिणीशेजारी बसून बघताना पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की, दगडूचं सगळं आपल्याला ठाऊक असतं. त्याचं घर, त्याचा बाप, त्याचे मित्र, त्याची नोकरी, त्याचे बेत. प्राजक्ताच्या मनात काय चाललंय हे मात्र आपण तिच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. ती घाबरली, लाजली, हसली. हसली म्हणजे झालंच. सगळा सिनेमा मुलाच्या डोळ्यांनी मुलीकडं बघतो आणि आपण बायकाही तिथं बसून त्याच्याच डोळ्यांनी बघतो. मुलगी पुढं चालते, मुलगा मागून येतो. आपण मागून येणाऱ्याबरोबर चालत असतो.

रेट्रो म्हणून जे काही येतं ते जुन्या काळातून काय काय उचलतं बघा. गोल डायलचा फोन, कॅसेट, लाल रिबिनी, कंपासपेटी, दूरदर्शनच्या मालिकांची गाणी. त्या काळचा हिशेब मात्र तिथंच सोडून येतं. मुलाच्या प्रेमाची किंमत काय होती, तर एक मार. मुलीच्या प्रेमाची काय होती? आणि प्रेम नसलं तरी काय होती? ते मी सांगते, कारण त्यातला थोडा भाग माझ्या हातून झाला आहे.

१९९४ ची जानेवारी. आम्ही दोघी दहावीत. पांढरी सलवार, निळा कमीज, पिना लावलेली ओढणी, दोन वेण्या. सिनेमा म्हणाल तर आम्हाला ‘मैने प्यार किया’ची गाणी तोंडपाठ, आणि गावातल्या निम्म्या पोरांचे केस सलमानसारखे. त्यातला एकजण रोज माझ्या मैत्रिणीच्या मागं सायकल घेऊन यायचा. शाळा सुटली की पानपट्टीपाशी उभा, मग आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत वीस पावलं मागं. बोलायचा नाही, काही नाही. घंटी वाजवायचा. आम्हा बाकीच्या मुलींना याची केवढी मजा वाटायची! आम्ही तिला चिडवायचो. ती चिडायची, मान खाली घालून भराभर चालायची, आणि आम्हाला वाटायचं लाजली.

एक दिवस त्यानं मला गाठलं. हातात घडी केलेला कागद आणि एक चॉकलेट. चॉकलेट माझ्यासाठी. सिनेमात हिरॉईनची एक मैत्रीण असते बघा, जिला स्वतःची काही गोष्टच नसते, फक्त चिठ्ठी इकडून तिकडं न्यायची असते. ती झाले मी. मला वाटलं, आपण काहीतरी मोठं, सिनेमातल्यासारखं करतोय. तो कागद मी तिच्या इतिहासाच्या वहीत सरकवला. तिला सांगितलंही नाही. घरी जाऊन उघडेल आणि चकित होईल, असं माझं चित्र होतं.

वही तिच्या भावानं उघडली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. त्यानंतर आलीच नाही. बोर्डाच्या परीक्षेचा फॉर्म भरलेला होता, पण मार्चमध्ये तिच्या नंबरचा बाक रिकामा होता. मे महिन्यात तिचं लग्न झालं. वय सोळा. कायद्यानं मुलीचं वय अठरा हवं हे १९७८ पासूनच ठरलेलं होतं, पण मांडवात जन्माचा दाखला कोण विचारतो? उलट “अब्रू वाचली” म्हणून चार लोकांनी तिच्या वडिलांची पाठ थोपटली. मुलाचं काय झालं? त्याच्या वडिलांनी त्याला चपलेनं मारलं आणि सहा महिने इचलकरंजीला मामाकडं मागावर धाडलं. मग तो परत आला, धंद्याला लागला, त्याचं चांगलं चाललंय. मी त्याला दोष द्यायला हे सांगत नाही. तोही सतरा-अठराचा होता.

आणि माझं काय झालं? काहीच नाही. कारण घरच्यांनी “कागद कुणी आणून दिला?” म्हणून तिला तीन दिवस विचारलं आणि तिनं माझं नाव सांगितलं नाही. मी दहावी झाले, बारावी झाले, बी.ए., बी.एड. झाले. तिनं नाव सांगितलं असतं तर माझ्या वडिलांनी काय केलं असतं याची मला पूर्ण कल्पना आहे.

कितीतरी वर्षांनी मी तिला विचारलं होतं, “तुला तो आवडायचा का गं?” ती म्हणाली, “छ्या! मला भ्या वाटायचं त्याचं. घंटी वाजली की पोटात गोळा यायचा. तुम्ही सगळ्या हसायचा, मग मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय.” पुढं पस्तिशीत तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली. पहिल्यांदा गणित राहिलं, दुसऱ्यांदा सुटलं. तिनं पेढे वाटले तेव्हा सासरचे म्हणाले, “आता काय करायचं आहे हे?” तरी वाटले.

हे लिहू का, म्हणून मी तिला विचारलं. “लिही,” म्हणाली, “नाव नको.” आणि लगेच वर, “पण दगडूला काय बोलू नको हां, मला आवडतो तो!” आता यावर काय बोलणार! पण मला तिचं कळतं. पडद्यावरचा दगडू आपल्या दाराशी येत नाही. त्याची घंटी वाजली तर आपली शाळा जात नाही. जे आपल्याला भीती होऊन मिळालं, ते एकदा गंमत होऊन बघायला मिळतं. रेट्रो सिनेमा बायकांना आवडतो तो उगीच नाही.

तरीही एक गोष्ट खटकतेच. दिल्लीच्या २०१२ च्या त्या भयंकर घटनेनंतर २०१३ मध्ये कायदा बदलला आणि मुलीनं नको म्हटल्यावरही सतत तिचा पाठलाग करणं, संपर्क साधत राहणं हा पहिल्यांदा वेगळा गुन्हा झाला. कलम ३५४ ड. आता नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ७८ आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे इकडं देशात पाठलागाला गुन्हा म्हणायला सुरुवात झाली आणि वर्षभराच्या आत पडद्यावर आपण नव्वदच्या दशकात जाऊन, जिथं मुलीच्या मागं मागं फिरणं म्हणजे निव्वळ निरागस प्रेम होतं, तिथं आरामात बसलो. कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण जुना काळ उबदार वाटतो तो असा. तिथं अजून कुणी प्रश्न विचारलेले नसतात.

मागं चालणारा नायक काही दगडूपासून सुरू झालेला नाही. बासू चटर्जींच्या १९७६ च्या ‘छोटी सी बात’मध्ये आपला अमोल पालेकर काय करतो? विद्या सिन्हाच्या मागं मागं बसस्टॉपपासून ऑफिसपर्यंत. पण तिथं एक फरक आहे. ती नोकरी करणारी मुलगी आहे, तिला सगळं कळलेलं असतं, आणि मागं चालणारा तो भित्रा बाबा हाच विनोदाचा विषय आहे. आपण त्याला हसतो, तिला नाही. ‘बनवाबनवी’तही (१९८८) अश्विनी भावे मालकीण आहे आणि अशोक सराफ तिच्या दुकानात नोकर. त्यात तर लक्ष्या आणि सचिन साड्या नेसून वावरतात, आणि लक्ष्याचं चक्क डोहाळजेवण होतं! पुरुष हास्यास्पद होतो म्हणून तो सिनेमा अजून ताजा. बायकांच्या वागण्याची टिंगलही त्यात आहे, नाही असं नाही, पण पदर सांभाळता सांभाळता बाप्यांच्या तोंडाला जो फेस येतो तो बघून आपल्याला बरं वाटतं हे कबूल करूया.

आणि खरं सांगू? याहीपेक्षा मागं गेलात तर आणखी वेगळं दिसतं. फार लांब जायला नको, आमच्या वडगावातून एस.टी.त बसा आणि कोल्हापूरला उतरा. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सनं १९३८ साली एक सिनेमा काढला, ‘ब्रह्मचारी’. लेखक आचार्य अत्रे, दिग्दर्शक मास्टर विनायक, आणि नायकही तेच. गोष्ट काय, तर औदुंबर नावाचा एक साधा तरुण ब्रह्मचर्यावरचं जोरदार व्याख्यान ऐकून येतो आणि पेटतो. घरातली नट्यांची चित्रं फेकून देतो, जोरबैठका सुरू करतो, आणि बायकांचं तोंड बघायचं नाही म्हणून एका आश्रमवजा संस्थेत जाऊन राहतो. तिथं त्याला भेटते किशोरी. मीनाक्षी शिरोडकरांनी केलेली. आणि ही किशोरी त्याच्या मागं लागते! मुलगी मागून येते आणि मुलगा पुढं पळतो. पोहण्याचा पोशाख घालून ती पाण्यात उतरते, गाणं म्हणते, आणि काठावर बिचाऱ्या ब्रह्मचाऱ्याची त्रेधातिरपीट उडते. १९३८ साली! केवढी खळबळ उडाली होती त्या पोशाखाची. नम्रता आणि शिल्पा शिरोडकर या त्याच मीनाक्षीबाईंच्या नाती.

आता कुणी म्हणेल, तो पोशाख काय स्त्रीमुक्तीसाठी होता? तिकिटं खपावीत म्हणूनच होता की! खरंय. बाईचं अंग दाखवून गल्ला भरायचा उद्योग तेव्हाही होता. आणि किशोरी पडद्यावर पोहत होती तेव्हा घराघरांत काय होतं हेही मला ठाऊक आहे. १९२९ च्या शारदा कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय चौदा केलं होतं, तरी माझ्या आजीचं बाराव्या वर्षी लागलं. म्हणून जुना काळ चांगला होता असं मी मुळीच म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच की, जुन्या काळच्या लोकांनी स्वतः काढलेल्या सिनेमातली मुलगी, आज आपण जुना काळ म्हणून रंगवतो त्या मुलीपेक्षा धीट आहे. तिला काय हवंय ते तिला ठाऊक आहे आणि ती ते बोलून दाखवते. आणि अत्र्यांचा दंडुका कुणाच्या पाठीत बसतो? बाईला घाबरून आश्रमात लपणाऱ्या बाप्याच्या. रेट्रोवाले मागं जातात पण नेमके जिथं मुलगी मान खाली घालून उभी आहे त्याच स्टेशनवर उतरतात. २०२२ च्या ‘टाइमपास ३’मध्ये हृता दुर्गुळेची पालवी डॅशिंग आहे, हे मान्य. पण तिचा धीटपणा हीच तिथं नवलाई आहे. कोल्हापूरच्या सिनेमाला त्यात नवल राहिलं नव्हतं, तेही चौऱ्याऐंशी वर्षं आधी.

हे सगळं मी इतक्या तावातावानं का सांगतेय? सिनेमासाठी नाही. गोष्ट माझ्या घरात शिरली होती म्हणून.

माझा मुलगा बारावीत आहे. हळदीकुंकवाच्या आधी महिनाभर मला कुणीकडून तरी कळलं की, हा रोज कॉलेज सुटलं की गाडी हळूहळू चालवत एका मुलीच्या मागं एस.टी. स्टँडपर्यंत जातो. मुलगी शेजारच्या गावची. अहिल्याबाई होळकर योजनेतल्या मोफत पासावर येणारी. मला घाम फुटला. रात्री ह्यांना झोपू दिलं आणि त्याला स्वयंपाकघरात बोलावलं.

“मम्मी, मी काय त्रास देतोय व्हय तिला?” तो म्हणाला. “एक शब्द बोललो नाही आजवर. नुसता मागनं जातो.”

“तिला ठाऊक आहे?”

“होय की. मागं वळून बघते.”

“बघते की तिला बघावं लागतं?”

तो गप्प. मी त्याला १९९४ ची सगळी गोष्ट सांगितली. चॉकलेटसकट. पोटच्या पोराला आपली अशी गोष्ट सांगणं सोपं नाही बायांनो! त्याची ती मावशी, जी त्याला लहानपणापासून करंज्या पाठवते, ती कागदामुळं शाळेतून गेली आणि कागद आईनं ठेवला होता, हे ऐकताना त्याचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, तिच्या घरी कुणी जाऊन सांगितलं की एक पोरगा रोज मागं असतो, तर उद्या तुझी गाडी बंद होणार नाही, तिचा पास बंद होईल.

मग त्यानं मला एक प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही. “मग मी काय करू? बोलू तिच्याशी? कुठं बोलू? स्टँडवर बोललो तर दहाजण बघतात. कॉलेजात मुली एका बाजूला, आम्ही एका बाजूला. तूच सांग.”

काय सांगू? त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या गावात मुलगा-मुलगी दोन मिनिटं उभं राहून वहीबद्दल बोलले तरी संध्याकाळपर्यंत दोन्ही घरी निरोप पोचतो. निर्भया पथकाची गाडी आली की पोरं पांगतात, आणि अशा गाडीची गरज आहेच, पण बोलणाऱ्या जोडीला आणि छळणाऱ्या टोळक्याला आपण गावकरी एकाच मापानं मोजतो. समोरून बोलायला बंदी, मग मागून जायचं. मला त्या रात्री कळलं की ‘टाइमपास’मधले दगडू आणि शाकाल हे एकमेकांचे दुष्मन नाहीतच. पोरीला कुणाशी बोलू न देणारा बापच मागून येणारा पोरगा तयार करतो. आणि मागून येणाऱ्या पोराची भीती दाखवूनच तसा बाप आणखी कडी लावतो. दोघांच्या मधे पोरगी. तिला दोघांपैकी कुणीच विचारत नाही, बाई, तुला काय पाहिजे?

आणि आपण आया तरी विचारतो का? आपल्याकडं मुलीच्या वहीत कागद सापडला की पहिला प्रश्न “कुणी दिला?” दुसरा प्रश्न “किती दिवस चाललंय?” “तुला तो आवडतो का?” हा प्रश्नच नाही, कारण उत्तर ‘हो’ आलं तर काय करायचं हे आपल्याला माहीत नाही. आणि ‘नाही’ आलं तरी शाळा बंदच! माझ्या मैत्रिणीचं उत्तर ‘नाही’ होतं. ते तिच्या आईला कधी कळलंच नाही. आई गेली तेव्हाही तिला वाटत होतं की पोरीचं प्रेमप्रकरण होतं आणि आपण ते वेळेत मोडलं. मैत्रीण म्हणते, “जाऊ दे, आता कुणाला सांगायचं?”

मुलींच्या आयांना माझी हात जोडून विनंती आहे. कागद सापडला, मेसेज सापडला, तर कॉलेज बंद करायच्या आधी एक रात्र थांबा. तिच्याशेजारी झोपा. अंधारात विचारा. आणि मुलांच्या आयांनो, ‘आमचा काय, पोरगाच आहे’ म्हणून सुटू नका. मीही आधी सुटणारच होते. खरं सांगते, पहिल्यांदा कळलं तेव्हा घाम फुटला हे खरं, पण त्याच्या आधी एक क्षणभर मला हसू आलं होतं. मोठा झाला गं माझा, असं वाटून. तो क्षण मला टाइमपासनंच दिला होता की काय कोण जाणे.

मुलाचं पुढं काय झालं, तर प्रॅक्टिकलच्या वेळी प्रयोगशाळेत, सगळ्यांसमोर, जर्नल मागायच्या निमित्तानं तो तिच्याशी एकदाचा बोलला. ती म्हणाली, “माझ्या मागनं येत जाऊ नको. घरी कळलं तर माझं कॉलेज जाईल.” तेवढंच. आवडतोस नाही, आवडत नाहीस नाही. दुसऱ्या दिवसापासून हा वेगळ्या रस्त्यानं यायला लागला. आठ-दहा दिवस घरात तोंड पाडून होता, भाकरी निम्मी टाकायचा. मी काही बोलले नाही. नंतर एकदा आपणहून म्हणाला, “मला वाटलं होतं ती हसतेय.”

भिशीच्या पुढच्या वेळी मी मोबाईलवर ‘ब्रह्मचारी’तलं ते पाण्यातलं गाणं शोधलं आणि टीव्हीला जोडायला लावलं. काळंपांढरं, खरखर फार. आधी सगळ्याजणी “अगं बाई!” म्हणून तोंडाला पदर लावून हसल्या. मग हळूहळू गप्प झाल्या. कोपऱ्यात यजमानीणबाईंच्या ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, “कुठली गं ही?” म्हटलं, “आजी, आपल्या कोल्हापूरच्या कंपनीचा सिनेमा. तुमच्या जन्माच्या आधीचा.”

माझी मैत्रीण टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बघत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, “पुन्हा लाव.” आणि दुसऱ्यांदा चालू असताना, कुणालाच उद्देशून नाही अशी, म्हणाली, “ही पोहायला कुठं शिकली असंल?”

आम्ही एकमेकींकडं बघितलं. वीस बायका होतो. आमच्या भावांना पोहता येत होतं, आमच्या पोरांनाही येतंय. आमच्यापैकी एकीलाही येत नव्हतं.

“मला येतंय की,” कोपऱ्यातून आजी म्हणाल्या. “लग्नाआधी मळ्यातल्या विहिरीत पवायची मी. वरनं उडी टाकायची.”